चला, भीमाशंकरला पक्षी मोजायला!

दोस्तांनो, तुमच्या शाळेत क्रिकेटची टीम असणारच. कबड्डीची असेल, लेझीम पथक असेल. पण पक्षीमंडळ आहे का? नसेल तर या वर्षी सुरू करूनच टाका! त्याला ना मैदान लागतं, ना वर्गणीचे ढीगभर पैसे. दहा-बारा मुलंमुली, एक उत्साही सर किंवा बाई, आणि प्रत्येकाकडे खिशात मावेल अशी एक वही. झालं मंडळ तयार!

मुहूर्त हवाच असेल तर तोही आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात मंडळ सुरू करा. महिनाभर शाळेच्या आवारातले, ओढ्याकाठचे, शेताच्या बांधावरचे पक्षी ओळखायला शिका. आणि मग हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मोठ्या सहलीला निघा.

कुठे? भीमाशंकरला! देवदर्शनासाठी तुमच्यापैकी पुष्कळ जण तिथे जाऊन आले असतील. पण या वेळी आपण जायचं आहे ते मंदिराभोवतीच्या जंगलात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते सुमारे १३१ चौरस किलोमीटर पसरलं आहे. पुणे जिल्ह्यात ते आंबेगाव आणि खेड तालुक्यांत येतं. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या मुलांच्या तर ते अगदी परसदारी. पहाटे निघून रात्री जेवायला घरी!

आणि सहलीत काम काय करायचं? मोजायचं! होय, पक्षी नुसते बघायचे नाहीत, मोजायचेसुद्धा. ‘हॅ, त्यात काय मोठंसं!’ असं वाटलं ना? मग थांबा जरा. आधी मोजण्याचीच एक जुनी गोष्ट ऐका.

दगडावर कोरलेली यादी

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं मोठं पाणथळ रान आहे. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. पण पूर्वी ते भरतपूरच्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं रान होतं. दुसऱ्या कुणी तिथे बंदूक चालवायची नाही. महाराज आणि त्यांचे बडे पाहुणे आले, की मात्र बारावर बार! संध्याकाळी पडलेले पक्षी मोजायचे आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवायचा. ते दगड आजही तिथे उभे आहेत. त्यांवरचा सगळ्यांत मोठा आकडा १९३८ सालचा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले! तारीख होती १२ नोव्हेंबर. म्हणजे नेमका सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस!

हे आपल्याच देशात होतं असं नाही. अमेरिकेत नाताळच्या दिवशी शिकारीची चक्क शर्यत लागायची. दोन गट पाडायचे, बंदुका घेऊन रानात शिरायचं आणि ज्या गटाचा ढीग मोठा तो गट जिंकला. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाला हे काही पटेना. त्याने १९०० साली एक नवी कल्पना मांडली. शर्यत ठेवा, पण बंदूक नको. पक्षी मारण्याऐवजी नुसते मोजा! त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. फक्त सत्तावीस! पण ती मोजणी आजतागायत दरवर्षी चालू आहे. आता तिच्यात हजारो माणसं भाग घेतात.

आणि आपले सालिम अली? लहानपणी त्यांच्या हातातही छऱ्यांची बंदूक होती! एकदा त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्ष्याचं नाव तर सांगितलंच, शिवाय संग्रहातले खण उघडून शेकडो पक्षी दाखवले. पोराचं कुतूहल जागं झालं आणि देशाला एक थोर पक्षितज्ज्ञ मिळाला.

आपल्या महाराष्ट्रातही अशी शिकारीची रानं होती. कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं जंगल त्यांपैकीच एक. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं! आज आपण त्याला राधानगरी अभयारण्य म्हणतो. पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला चांगलाच चाप बसला.

‘अभयारण्य’ हा शब्द जरा फोडून बघा. अभय अधिक अरण्य. जिथे भ्यायचं कारण नाही असं रान. अशा रानात पक्षी मोजायचे तर आपल्यालाही कुणी भिऊ नये. त्याची तयारी घरापासूनच करायला हवी.

निघण्यापूर्वी

कपडे मळखाऊ रंगाचे घाला. खाकी, हिरवे, करडे. लालभडक टोपी आणि पांढराशुभ्र शर्ट घरीच राहू द्या. पायांत बूट हवेत. अत्तर, पावडर नको. डब्यात पोळीभाजी, दशम्या, गूळशेंगदाणे असं काहीतरी. वेफर्सची पाकिटं नकोत. त्यांचा कुरकुर आवाज लांबवर जातो आणि प्लास्टिक वाऱ्याने उडून जंगलात राहतं.

दुर्बीण प्रत्येकाकडे असायलाच हवी असं नाही. चौघांत एक असली तरी पुरे. दुर्बिणीवर ८×४० असे आकडे दिसतील. त्यातला आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तर उजेड जास्त. दाट जंगलात उजेड कमी असतो, तेव्हा हा दुसरा आकडा फार उपयोगी. पट्टा मात्र गळ्यात अडकवलेलाच हवा!

चार-चार जणांचे गट पाडा आणि कामं वाटून घ्या. एकाने पुढे बघायचं, एकाने वर, एकाने मागे. चौथा लिहिणार. दर तासाला कामं बदला, नाहीतर लिहिणारा बिचारा वहीच बघत बसेल!

लिहायला पेन्सिल घ्या. दवाने वही ओली झाली तरी अक्षर फुटत नाही. आणि हो, वन खात्याची परवानगी सरांनी आधीच काढून ठेवायची. तिथल्याच गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्यायचा. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना बिबट्याबद्दल वेगळं सांगायला नको. एकट्याने वाट सोडायची नाही, अंधार पडायच्या आत परत फिरायचं. कळलं?

डिंभ्याच्या पाण्यावर

मंचरहून किंवा जुन्नरहून निघालात तरी घोडेगाव लागतंच. तिथून पश्चिमेला वळलं की थोड्याच वेळात डिंभे धरण. घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असं नाव आहे. परदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा बाबू गेनू याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. आणि ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं आहे.

इथे अर्धा तास थांबा. पाण्यावर काळे पक्षी पोहताना दिसले, तर त्यांचं कपाळ बघा. पांढरा टिळा आहे? मग तो वारकरी! नाव किती शोभतं ना? काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके असलेलं बदक दिसलं, तर ते हळदीकुंकू. पंख पसरून खडकावर वाळत बसलेला पाणकावळा, काठाने शेपटी वरखाली हलवत पळणारा धोबी, गुडघाभर पाण्यात ध्यान लावलेला बगळा, हे तर तुमच्या ओळखीचेच.

मोजण्याचा पहिला धडा इथेच गिरवा. थवा मोठा असला की एक-एक करून मोजता येत नाही. निम्मे होईपर्यंत तो उडून जातो! मग काय करायचं? आधी नीट दहा पक्षी मोजा. त्या दहांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या. आता थव्यात तेवढ्या किती जागा मावतील ते बघा. बारा मावल्या तर साधारण एकशेवीस. चौघांनी वेगवेगळं मोजा आणि मग आकडे ताडून बघा. पहिल्या खेपेला एकाचे ऐंशी आणि दुसऱ्याचे दोनशे निघतील. हसू नका, पुन्हा मोजा. तिसऱ्या खेपेला आकडे जवळ येऊ लागतात!

जंगलात आधी कान

भीमाशंकर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचावर आहे. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. म्हणूनच इथलं जंगल उन्हाळ्यातही बरंचसं हिरवं राहतं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा अशी झाडं, त्यांच्यावर चढलेल्या जाडजूड वेली आणि खाली कारवीची दाटी.

मंदिराजवळची गर्दी मागे टाकून गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागा. आणि आता एक गंमत सांगतो. जंगलात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं तुम्हाला बहुतेक एकही पक्षी दिसणार नाही! ‘एवढ्या लांब आलो आणि इथे तर काहीच नाही,’ असं कुणीतरी म्हणेलच. पक्षी असतात, पण पानांआड. इथे डोळ्यांआधी कान कामाला लावायचे.

असं करा. वाटेच्या कडेला गटागटाने खाली बसा. वहीच्या पानाच्या मधोमध एक फुली मारा. ती फुली म्हणजे तुम्ही. आता दहा मिनिटं अगदी गप्प. ज्या दिशेने आवाज येईल, त्या दिशेला पानावर एक खूण करा. लांबचा आवाज लांब, जवळचा जवळ. दहा मिनिटांनी पान बघा. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याच्या पानावर पंधरा खुणा असतील!

‘कुटुर्र... कुटुर्र...’ असा एकसारखा घोष कानावर येतो तो कुटुर्ग्याचा. आवाजावरूनच त्याचं नाव पडलं. ‘टुक्, टुक्, टुक्’ असे भांड्यावर हातोडी मारल्यासारखे ठोके म्हणजे तांबट. उंच आभाळातून लांबलचक किंकाळीसारखी शीळ आली, तर वर बघा, सर्पगरुड गोल गोल घिरट्या घालत असेल. खाली पाचोळ्यात खसखस झाली, तर रानकोंबडा असू शकतो. आपल्या गावठी कोंबड्याचा हा भाऊबंद, पण भलता लाजाळू.

आणि भृंगराज! काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांचे झुबके. हा पक्षी नकलाकार आहे. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. तेव्हा नुसता आवाज ऐकून नाव लिहायची घाई नको. पलीकडे भृंगराज बसून तुमची फिरकी घेत असायचा!

ओढ्याकाठी गडद निळा, खांद्यावर चकचकीत निळा पट्टा असलेला शीळकरी कस्तुर शोधा. पावसाळ्यात तो माणसासारखी शीळ घालतो. सूर कधी वर, कधी खाली, मध्येच विसरल्यासारखा. म्हणून इंग्रजीत त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ म्हणतात. हिवाळ्यात मात्र हा पोरगा फारसा गात नाही. परीक्षा जवळ आली असणार!

मध्येच एकदम दहा-वीस पक्ष्यांची झुंबड झाडावर उतरेल. लाल-काळा निखार नर आणि पिवळी मादी, खोडावर टकटक करणारा सुतार, डोकं खाली करून खोडावरून उतरणारी शिलींध्री, बुलबुल, कोतवाल, सगळे एकाच टोळीत! वेगवेगळ्या जातींचे पक्षी असे एकत्र का फिरतात? एक कारण पोटाचं. एकाने पानं हलवली की किडे उडतात आणि दुसऱ्याला आयते मिळतात. दुसरं कारण जिवाचं. डोळे जास्त तितका पहारा पक्का. ससाणा आला की एक जण ओरडतो आणि सगळे सावध होतात. ही टोळी दोन-तीन मिनिटांत पुढे निघून जाते. तेव्हा दुर्बिणीसाठी भांडू नका. जे दिसेल ते भराभर टिपून घ्या!

अनोळखी पक्षी दिसला तर? आधी आकार. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, शेपटी, पाय. रंग सगळ्यांत शेवटी, कारण सावलीत रंग फसवतात. पुस्तक नंतर उघडायचं. पान उलटेपर्यंत पक्षी भुर्र!

शेकरू आणि हरियाल

मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडे बघत चला. उंच फांद्यांच्या बेचक्यात पानं-काटक्यांचा मोठा गोळा दिसेल. ते कावळ्याचं घरटं नव्हे. ते शेकरूचं घर! तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची ही थोरली खार म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः तिच्यासाठीच ओळखलं जातं. एक शेकरू एकच नाही, तर कितीतरी घरटी बांधतं. आणि बांधतं ती अशा बारीक फांद्यांवर, की वजनदार शत्रू तिथवर पोचूच नये.

शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जातं. पाच-सहा मीटरची उडी त्याला सहज जमते. शक्यतो ते जमिनीवर उतरत नाही. आता विचार करा. मधली चार झाडं तोडली तर? शेकरूच्या दृष्टीने तो रस्ताच तुटला! जंगलाचा एकूण आकडा तेवढाच दिसेल, पण शेकरूचं जंगल दोन तुकड्यांचं झालं. म्हणून नुसती झाडं असून भागत नाही. शेंड्याला शेंडा भिडलेला असावा लागतो.

उंबराचं झाड फळांनी लगडलेलं दिसलं, तर त्याच्याखाली खुशाल अर्धा तास काढा. तिथे आपला राज्यपक्षी भेटायची शक्यता आहे. हरियाल! पोपटी-पिवळं अंग आणि हळदीसारखे पिवळे पाय. पानांत बसला की दिसता दिसत नाही. झाडावर दोनच आहेत असं म्हणता म्हणता टाळी वाजावी तसे पंख वाजतात आणि वीस उडून जातात! अशा वेळी काय लिहायचं? उडताना मोजलेले वीसच लिहायचे.

काही नियम मात्र अगदी पक्के. शेकरूला किंवा माकडांना खाऊ द्यायचा नाही. घरट्याजवळ जायचं नाही. आपण गेलो की आई-बाप उडतात आणि कावळ्याला अंडी सापडतात. आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही. बिचाऱ्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कुणी शिरला. तो खाणंपिणं, पिल्लं सोडून भांडायला धावतो. आपल्याला फोटो मिळतो, पण त्याची दमणूक फुकट होते.

देवाचं रान, माणसांचं रान

दुपारी डबे उघडाल तेव्हा वाटाड्यादादांना तुमच्यात बसवून घ्या आणि गप्पा मारा. या डोंगरात महादेव कोळी समाजाची गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अभयारण्य १९८५ चं, पण जंगल राखण्याची इथली रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. आंबेगाव तालुक्यात घाटमाथ्यावर आहुपे नावाचं गाव आहे. तिथे देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, अशी रीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया हिंडून पाहिल्या आणि त्यांचं मोल जगापुढे मांडलं. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, तरी देवराईत जुनी झाडं तशीच उभी होती.

इथली माणसं हिरडा गोळा करून विकतात. ‘बाळहिरडा’ हे त्यांच्या कमाईचं एक मोठं साधन आहे. अभयारण्य झालं की रान वाचतं, पण लाकूडफाटा, चराई, रस्ता यांवर बंधनंही येतात. ती बंधनं सोसतात ही माणसं. आपण मात्र एका दिवसासाठी येतो आणि ‘वा, काय जंगल आहे!’ म्हणून परत जातो. तेव्हा दादांना हेही विचारा, की तुमचं कसं चालतं? आणि प्रत्येक पक्ष्याला त्यांच्या गावात काय म्हणतात ते विचारून वहीत लिहा. पुस्तकातल्या नावाशेजारी ते नाव लिहून ठेवलंत, तर तुमच्या वहीची किंमत दुप्पट होईल.

आणखी एक हिशेब तिथेच बसून करा. भीमा इथे उगम पावते. घोड नदी आहुप्याच्या बाजूने येते. जुन्नरच्या कुकडी आणि मीना या नद्या घोडला मिळतात आणि घोड पुढे भीमेला. म्हणजे तुमच्या शेतातला ऊस, कांदा, टोमॅटो याच घाटमाथ्यावरच्या पावसावर पोसतो. जंगल तो पाऊस मातीत मुरवतं आणि हळूहळू सोडतं. अभयारण्य असं आपल्या घरच्या हंड्यापर्यंत पोचलेलं असतं!

वहीत काय लिहायचं?

पानाच्या वर तारीख, ठिकाण, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि हवा. ऊन, ढग की धुकं? मग किती जण होतो आणि साधारण किती चाललो. त्याखाली पक्ष्यांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडा. दिसला असेल तर ‘दि’, नुसता ऐकला असेल तर ‘ऐ’.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. जे दिसलं तेवढंच लिहा! शेजारच्या गटाने स्वर्गीय नर्तक पाहिला म्हणून आपल्या यादीत तो घालायचा नाही. नाव नक्की नसेल तर प्रश्नचिन्ह घाला आणि वर्णन लिहा. ‘साळुंकीएवढा, करडा, शेपटी लांब, नाव माहीत नाही’ ही फार चांगली नोंद आहे. आपण पाहिलंच नाही अशा दुर्मीळ पक्ष्याचं नाव ठोकून देणं ही मात्र निव्वळ फसवणूक. पुढे कुणीतरी त्या नोंदीवर विश्वास ठेवणार असतं.

आणि कावळा, साळुंकी, चिमणी यांना वगळू नका. ‘ते काय रोजचेच!’ म्हणून सगळ्यांनी ते सोडले, तर ते कमी झाल्याचं कळणार कुणाला?

यादीचं पुढे काय होतं?

आता पुन्हा भरतपूरला चला. त्याच केवलादेवला. १९८० च्या दशकात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी तिथली गिधाडंही मोजली. तेव्हा गिधाडं म्हणजे अगदी रोजचीच! गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं, की आभाळातून गिधाडं उतरलीच. ‘यांना काय मोजायचं?’ असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी मोजली आणि लिहून ठेवली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पुन्हा मोजणी केली आणि धक्काच बसला. गिधाडं झपाट्याने नाहीशी होत होती! मग देशभर शोधाशोध झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातलं एकही धड उरलं नव्हतं. कारण सापडलं ते २००४ मध्ये. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक नावाचं औषध. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली.

बघा हं, पहिली मोजणी झालीच नसती तर? ‘पूर्वी पुष्कळ असायची, आता दिसत नाहीत,’ एवढंच म्हातारी माणसं म्हणत राहिली असती. पुष्कळ म्हणजे किती? कुणालाच सांगता आलं नसतं. आकडा होता म्हणून धोका कळला. धोका कळला म्हणून कारण शोधलं गेलं.

आज हे काम एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा एक मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केला होता. त्यासाठी नोंदी कुणी पुरवल्या? देशभरातल्या तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी, आणि त्या नोंदी होत्या तब्बल तीन कोटी! यातले सगळे काही शास्त्रज्ञ नव्हते. शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कारकून आणि शाळा-कॉलेजातली मुलंमुलीही त्यांत असतात. त्यांच्या वह्यांतून कळलं, की १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं. ‘ई-बर्ड’ नावाच्या जागतिक नोंदवहीत सरांच्या मदतीने तुमच्या मंडळाची यादीही घालता येते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षी मोजतात, त्यातही भाग घेता येतो. त्यासाठी भीमाशंकरला जायलाच हवं असंही नाही. शाळेचं पटांगण चालतं.

एक मात्र लक्षात ठेवा. एका सहलीच्या यादीने फारसं काही कळत नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच पायवाटेने, तेवढाच वेळ चाला आणि पुन्हा मोजा. तिसऱ्या वर्षी पुन्हा. तुम्ही दहावी होऊन बाहेर पडाल तेव्हा वही आठवी-नववीतल्या मुलांच्या हाती द्या. मंडळाची मजा त्यातच आहे. माणसं बदलतात, वही चालू राहते.

भरतपूरच्या दगडावर ४,२७३ हा आकडा आहे. तो मेलेल्या पक्ष्यांचा. तुमच्या वहीत कदाचित चाळीसच पक्षी येतील, पण तुम्ही वही मिटाल तेव्हा ते चाळीसही भीमाशंकरच्या झाडांवर गात असतील. पुढच्या वर्षी ते तिथे आहेत की नाहीत, हे बघायला कुणीतरी जायला हवं. मग, कधी निघताय?